पॅसेजसाठी रग: रया, येरवडा आणि माळ्यावरची घोंगडी

या भागाचं लिखित रूप नेहमीप्रमाणे थोडं साफ करून टाकतोय. रेकॉर्डिंगमध्ये मी ‘म्हणजे’ हा शब्द किती वेळा म्हणालो ते एका श्रोत्याने मोजून पाठवलंय, त्यामुळे इथे त्यातले बरेच काढले आहेत. सगळे नाही निघाले.

विषय थोडा विचित्र आहे. आमची मुलुंडची चाळीस वर्षं जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि यंदा नव्या टॉवरमध्ये ताबा मिळाला. नव्या फ्लॅटला एक पॅसेज आहे. दारापासून बेडरूमपर्यंत साडेअकरा फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद. बिल्डरने कार्पेट एरियात तो मोजलाय, त्यामुळे त्याचे पैसे आम्ही दिलेत, पण त्यात करायचं काहीच नाही. कपाट ठेवलं तर माणूस जात नाही. मग मी इंटरनेटवर बघितलं की अशा जागेत लोक ‘रनर’ टाकतात, लांबट अरुंद गालिचा. आणि त्यातही सगळ्यात देखणे दिसले ते जुने स्कँडिनेव्हियन, लोकरीचे. करडे, मातकट, मधे एखादी निळी पट्टी. मी हरखलोच.

हे फेब्रुवारीत. जून उजाडला तरी माझे एकोणीस टॅब उघडेच. आई म्हणाली, “तुझं हे भिजत घोंगडं कधी वाळणार?” ती सहज म्हणाली. मला मात्र त्या वाक्यातला शब्द पुढे बरेच दिवस पुरला.

आधी स्वीडनपासून सुरुवात करू.

स्कँडिनेव्हियन रग म्हणून जे दाखवतात त्यात ढोबळमानाने दोन जाती असतात. एक सपाट विणीचा, ज्याला स्वीडिश लोक रोलाकान म्हणतात. आपल्या सतरंजीसारखा, केस नसलेला. दुसरा ‘रया’, लांब झुपकेदार लोकरीचा. विसाव्या शतकातल्या या कामात मार्ता मॉस-फ्येटरस्ट्रोम या बाईंचं नाव मोठं. १८७३चा जन्म. १९१९ साली त्यांनी बोस्टाड नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात स्वतःची कार्यशाळा काढली. त्यांच्या हयातीतल्या विणकामाच्या कडेला ‘एमएमएफ’ अशी अक्षरं विणलेली असतात. १९४१मध्ये त्या गेल्या, त्यानंतरच्या मालावर ‘एबी एमएमएफ’ असतं. दोन अक्षरं जास्त, पण लिलावात त्यांनी किंमत बदलते. ती किंमत लाखांत जाते, म्हणून माझ्यापुरता तो टॅब तिथेच बंद झाला.

पण रयाचा इतिहास वाचताना मी थांबलो. हा रया मुळात जमिनीवर टाकायचा नव्हताच. तो पांघरायचा होता. उत्तरेच्या समुद्रात होडीवर जाणारे कोळी आणि खलाशी कातड्याच्या पांघरुणाऐवजी हा वापरत. कातडं ओलं झालं की कडक होतं, कुजतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते आणि वाळते. झुपके आत, अंगाकडे, आणि सपाट बाजू बाहेर. पुढे घराघरांत तो पलंगावर आला, मग कुणीतरी तो उलटा केला, झुपके वर आले, त्यात नक्षी आली. फिनलंडमधल्या त्याच्या भावंडावर तर लग्नात वधूवरांना उभं करत. जमिनीवर तो कायमचा उतरला तो फार नंतर.

इंग्रजीतल्या ‘रग’ शब्दाचीही हीच गोष्ट. तो बहुधा स्कँडिनेव्हियाकडूनच इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ जाडंभरडं लोकरी कापड, मग पांघरूण. जमिनीवरचा गालिचा हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. आता गंमत बघा. आपल्याकडे मराठीत आजही ‘रग’ म्हणजे काय? जाड ब्लँकेट. “थंडी आहे, रग काढ.” म्हणजे इंग्रजांनी शब्दाचं नवं व्हर्जन काढलं आणि आपण जुन्यावरच राहिलो. लेगसी सपोर्ट!

बरं. आता आपल्या बाजूला येऊ. कारण ‘विंटेज वूल रग’ शोधायला लागलं की युरोपातल्या लिलावांत अधूनमधून एक नाव दिसतं, आणि ते बघून मी खुर्चीतून उठलो होतो. येरवडा. होय, तोच. पुण्याचा तुरुंग.

१८५१ साली लंडनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्यात हिंदुस्थानी गालिचे गेले, लोकांना आवडले, मागणी वाढली. पुरवठा कुठून करायचा? सरकारकडे हात तयार होते, कैद्यांचे. आग्रा, लाहोर अशा अनेक तुरुंगांत गालिच्याचे माग बसले. येरवड्याचा तुरुंग १८७१चा, आणि तिथेही गालिचे विणले जाऊ लागले. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या १८८७च्या सुवर्णमहोत्सवासाठी विणलेला अखंड गालिचा विंडसरच्या किल्ल्यात वॉटर्लू चेंबरमध्ये आहे. सुमारे २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. आमचं अख्खं घर त्यात चार वेळा बसेल, पॅसेजसकट.

येरवड्याला नक्षी कुठून मिळाली हे जास्त मजेदार आहे. विजापूरला आसार महाल आहे, १६४६च्या सुमाराचा, मुहम्मद आदिलशहाच्या काळातला. तिथे सतराव्या शतकातले गालिचे शिल्लक होते, जीर्ण झालेले. आज ते गोल घुमटाजवळच्या संग्रहालयात ठेवलेत. या विजापुरी गालिच्यांच्या नकला येरवड्यात विणल्या गेल्या. म्हणजे आदिलशाही दरबारातली नक्षी, ब्रिटिश तुरुंगात, दख्खनच्या कैद्यांच्या बोटांतून, लंडनच्या दिवाणखान्यात. विणणाऱ्याला ना आदिलशाहीचं काही, ना लंडनचं. त्याला रोजची ठरलेली ओळ पुरी करायची.

यावर त्या काळी एक माणूस जाम भडकला होता. जॉर्ज बर्डवुड. हा गोरा साहेब, पण जन्म बेळगावचा, १८३२चा. पेशाने डॉक्टर. भायखळ्याचं जे संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे, त्याच्या उभारणीत भाऊ दाजींबरोबर याचाही हात. १८८० साली त्याने हिंदुस्थानच्या हस्तकलांवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक टीका केली. मुद्दा साधा होता. तुरुंगाला मजुरी द्यावी लागत नाही, त्यामुळे त्याचा माल स्वस्त. पिढीजात विणकर त्या भावाला टिकू शकत नाही. शिवाय घाईत आणि ऑर्डरबरहुकूम विणल्याने नक्षी बिघडते. त्यात १८५६ला पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला होता, आणि पुढच्या काही वर्षांत असे भडक, लवकर उडणारे रंग हिंदुस्थानच्या बाजारात सगळीकडे झाले.

बर्डवुडचं सगळं पटत नाही मला. त्याला हिंदुस्थानी कारागीर झाडाखाली, खेड्यात, न बदलता बसलेला हवा होता. पण भावाचा मुद्दा बरोबर होता. फुकट मजुरीशी कुणी स्पर्धा करू शकत नाही. आणि आज युरोपातल्या दुकानात ‘अँटिक इंडियन कार्पेट’ म्हणून जे लाखांनी विकलं जातं, त्यातलं काही बिनपगारी कैद्यांनी विणलंय. तुकड्यावर विणकराचं नाव अर्थातच नाही. मार्ताबाईंच्या गालिच्यावर त्यांची अक्षरं असतात.

(हे रेकॉर्ड करताना मी जरा तावात आलो होतो. ऐकलं असेल तर कळेल.)

मधल्या काळात मी एक शनिवार ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात घालवला. लाकडी कपाटं, बोटींवरची घड्याळं, कुठल्याशा हॉटेलच्या खुर्च्या. एका दुकानात मागे गुंडाळलेला एक रनर होता, करडा, काळ्या पट्ट्यांचा. मी विचारलं, कुठला आहे? दुकानदार म्हणाला, “साहेब, कुठला ते माहीत नाही. लोकर खरी आहे.” असं प्रामाणिक उत्तर मला ऑनलाइन कुठेच मिळालं नव्हतं. त्यानेच सुटलेला एक धागा काढून काडीने जाळून दाखवला. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली. अॅक्रिलिक असता तर वितळून कडक गोळी झाली असती. मग पांढरा रुमाल ओला करून गडद पट्टीवर दाबला, रंग लागला नाही. उलटून पाठ बघितली, नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ. हे तिन्ही तुम्हीही करून बघा, कुठलाही जुना लोकरी तुकडा घेताना. पण या रनरला कसरीने खाल्लेली भोकं होती, हाताला भुसाही लागत होता. मुंबईच्या हवेत कसर लागलेली लोकर घरात आणणं म्हणजे बाकीच्या कपड्यांनाही आमंत्रण. सोडून दिला.

घरी येऊन हे सगळं आजीला सांगत होतो. आजी नव्वदीच्या आसपास, माणदेशातली, दहिवडीच्या बाजूची. ती नीट ऐकून म्हणाली, “आरं मग माळ्यावरली घोंगडी काय लोकरीची न्हाय व्हय?”

आता ही घोंगडी. माझे आजोबा १९७२च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईत आले. मस्जिद बंदरला माथाडी म्हणून लागले. सुरुवातीला राहायला गावकीची खोली. सातारकडच्या लोकांना माहीत असेल, गावाने मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं. त्यांचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि ही घोंगडी. मुलुंडला घर झाल्यावर ती माळ्यावर गेली, डांबरगोळ्या घालून. शिफ्टिंगच्या वेळी आईने ती भंगारवाल्याच्या ढिगात टाकली होती आणि बाबांनी काही न बोलता परत उचलली. एवढंच मला आठवत होतं.

घोंगडीबद्दल मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. ही लोकर दख्खनी मेंढीची. बहुतेक काळी, करडी. ही मेंढी पावसाने दगा दिलेल्या पट्ट्यातली आहे, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, नगरचा भाग. चाऱ्यासाठी मैल न् मैल चालते. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखतासाठी, आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. लोकर या मेंढीचं एकमेव उत्पन्न कधीच नव्हतं, पण होतं.

कातरण साधारण वर्षातून दोनदा. कोकराची पहिली लोकर सगळ्यात मऊ, तिला जावळ म्हणतात. माणसाच्या बाळाचं जावळ काढतात तोच शब्द. जावळाची घोंगडी महाग. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, आणि मग ते सणगराकडे जायचं. मेंढी धनगराची, माग सणगराचा. काही भागांत खुटेकर धनगर स्वतः विणतात. माग जमिनीतल्या खड्ड्याचा, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली लापशी कुंच्याने धाग्यांवर ओढायची, म्हणजे दख्खनी लोकरीचे सुटे, राठ तंतू चिकटून राहतात आणि मागावर तुटत नाहीत. नवी घोंगडी कडक असते ती त्या खळीमुळे. वापरून वापरून मऊ होते.

ती टोचते, हे खरं. लहानपणी गावी ती अंगावर घ्यायला मी रडायचो. मेरिनो लोकर बारीक, दख्खनी जाड, म्हणून मशीनच्या गिरणीला ही लोकर नको असते. पण पांघरायला, पावसात डोक्यावरून खोळ करून रानात उभं राहायला, ओलीचिंब झाली तरी ऊब द्यायला तीच लागते. होडीवरचा तो स्वीडिश कोळी आठवा. त्याला आणि माणच्या मेंढक्याला एकाच कामासाठी पांघरूण हवं होतं आणि दोघांनीही जवळपास तेच केलं.

मग ती गेली कुठे? एका घावात नाही गेली. आमच्या मुलुंडच्या अगदी पलीकडे, ठाण्यात, १९००च्या सुमारास वाडियांची लोकरीची गिरणी निघाली. तीच पुढे रेमंड झाली, आणि १९४४मध्ये सिंघानियांनी ती घेतली तेव्हा तिथे मुख्यतः स्वस्त, जाडीभरडी ब्लँकेटं निघत होती. मग सोलापूरची सुती चादर घराघरात गेली. मग पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आला. आणि मग पानिपतची ब्लँकेटं. पानिपतला पाश्चात्य देशांतून जुने स्वेटर, कोट गाठोड्यांनी येतात, ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. पुरात, भूकंपात वाटतात ती बहुधा हीच. म्हणजे स्वीडनमधल्या कुणाचा तरी जुना स्वेटर कधीच महाराष्ट्रात पोचलाय, फक्त मला हवा होता त्या रूपात नाही.

आज अनेक ठिकाणी दख्खनी लोकरीला इतका कमी भाव आहे की कातरणाऱ्याची मजुरीही त्यातून सुटत नाही. मेंढी कातरावी तर लागतेच, नाहीतर ती आजारी पडते. म्हणून लोकर कातरून तिथेच टाकून देतात. हे मला चुलतभावाने फोनवर सांगितलं, मी पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. आमच्या ऑफिसमध्ये ‘सस्टेनेबल’ हा शब्द आठवड्यातून दहा वेळा येतो.

तर, माळ्यावरून घोंगडी काढली. झटकली, दोन दिवस गच्चीत उन्हात टाकली. टॉवरच्या गच्चीत काही वाळत घालायला सोसायटीची परवानगी लागते, तो वेगळा भाग होईल. मोजली. नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद. कसर नाही. आणि मधोमध, लांबीभर, एक उभी शिवण.

मला पाच मिनिटं लागली कळायला. मागाची रुंदीच कमी. म्हणून दोन अरुंद पट्ट्या विणून मधे जोडायच्या. साडेचार भागिले दोन, सव्वादोन. सव्वादोन फूट बाय नऊ फूट. अहो, तो रनरच आहे! दोन रनर आहेत! पाच महिने मी जे जगभर शोधत होतो ते डोक्यावरच्या माळ्यात होतं, फक्त शिवण उसवायची होती.

मी कात्री घेऊन आजीसमोर बसलो. मला वाटलं ती रडेल वगैरे. तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ही म्याच शिवलीया. सणगराची शिवण दोनदा उसवली व्हती. उसव की, धागाच हाय त्यो.”

“मग टाकू ना पॅसेजमध्ये?”

“कुठं?”

“खाली. दारातनं आत येताना. चालायला.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “तिच्यावर तळी भरलीया रं.”

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात. ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी, पाच जणांनी मिळून ताट उचलायचं. आणि आमच्या घरात ते ताट ठेवायचं ते याच घोंगडीवर. गावी, मग गावकीच्या खोलीत, मग मुलुंडच्या जुन्या घरात आजोबा होते तोपर्यंत. ते गेल्यावर ताट टेबलावर आलं आणि घोंगडी माळ्यावर गेली. मी तेव्हा सहा वर्षांचा. नीट बघितलं तर एका कोपऱ्यात अजून पिवळसर डाग आहे, मी तो वासाचा बुरशीचा समजून ब्रशने घासणार होतो.

आजीने नको म्हटलं नाही. ती म्हणाली, “बसाया चालती, निजाया चालती. पायतानं घिऊन चालायचं आसंल तर दुसरी आण.” एवढंच.

दुसरी आणायची तर कुठून? चुलतभावाने शोधाशोध करून एका सणगराचा नंबर दिला. साठी उलटलेला माणूस, त्याच्या गावात पूर्वी बरेच माग होते, आता त्याचा एकट्याचा चालू, तोही ऑर्डर असेल तेव्हा. मुलगा पुण्यात कंपनीत. मी त्यांना सांगितलं, काका, मला घोंगडी नको, एकच पट्टी हवी. जोडू नका. दहा फूट लांब करता येईल का?

फोनवर जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “एका पट्टीत काय व्हणार साहेब? आंगावर पुरायची न्हाय.”

मी म्हणालो अंगावर नको, जमिनीवर टाकायचीय, पॅसेजमध्ये.

“म्हंजी जाण्यायेण्याच्या वाटंवर?”

“हो.”

“लोकरीवर पाय द्याचा?” आणि हसले. “द्या की. मेंढराच्या अंगावर काय सोनं न्हाय. पर खळ जास्त लावतो मग, कडक ऱ्हाईल.” किंमत सांगितली. ऑनलाइनवाल्या रनरच्या शिपिंगपेक्षा कमी. मी घासाघीस केली नाही, उलट विचारलं की मजुरी धरलीये का यात. त्यावर ते म्हणाले, “बायकोची सुताची न्हाय धरली, ती घरचीच की.” मी ती धरायला लावली. बर्डवुडच्या पुस्तकाचा एवढा उपयोग झाला.

सहा आठवडे लागले. मधे पावसाने खळ वाळेना. चुलतभाऊ एका रविवारी पट्टी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. काळी, दोन्ही कडांना बोटभर पांढरी किनार, नैसर्गिक पांढऱ्या लोकरीचीच. खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी टाकली, ती मात्र मॉलमधून आणली. पहिले चार दिवस सगळ्या घरात चिंचोक्याचा आणि मेंढीचा वास होता. आईने खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मला काही बोलली नाही, ही आमच्याकडे पसंतीची पावती असते.

जुनी घोंगडी हॉलमध्ये दिवाणावर आहे, शिवणीसकट. आजी दुपारी तिच्यावर झोपते. मी एकदा आडवा होऊन बघितलं, अजूनही टोचते.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. तुमच्या घरच्या माळ्यावर काही असेल तर मोजून, फोटो काढून पाठवा. शिवण असेल तर तीही दाखवा.